अशोकची म्हातारी

फोन आला तेव्हा माझ्या हातात पोपटाची वाटी होती. अकोल्याच्या दवाखान्यातून माझा मुलगा नितीन बोलत होता. "आई, मामा गेला. पहाटेच..." खरं सांगते, मला तेव्हा रडू आलं नाही. मी वाटीत भिजवलेले हरभरे घातले, पाणी बदललं, पायांत घोटाळणाऱ्या मांजरांना दूधभाकरी कुस्करून दिली, आणि मग दुकानाच्या पायरीवर बसले. दुःख असेलच कुठंतरी, पण आधी आला तो थकवा. असा थकवा, की वाटलं आता कुणी येऊन मलाच उचलून आत नेऊन निजवावं. त्याला आता दीड महिना झाला. माझा धाकटा भाऊ अशोक दवाखान्यात जाताना त्याचे प्राणी माझ्या हवाली करून गेला होता. त्यातला एक माझ्याकडून सांभाळला गेला नाही. ते मी त्याला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तो रागावला नाही. विषय तिथंच संपायला हवा होता. संपला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

अशोकचं मेहकरला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी घेऊन यायचे, हा त्यातली जुनी तार उपसायचा, नवी भरायचा. दुकानाला वार्निशचा वास, मागं दोन खोल्या, त्याच्या मागं लिंबाचं झाड. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारून आमची आई थकली आणि गेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. निवृत्त झाले, पाठोपाठ नवराही गेला, नितीन पुण्याला. तेव्हा अशोक टेम्पो घेऊन दारात आला नि म्हणाला, "चाल ताई, तिकडं दोन खोल्या हायेत, दोघं हाओत." दोघं, हे त्यानं खोटं सांगितलं होतं. मी सामान उतरवलं तेव्हा त्या घरात चार मांजरं, एक लंगडी खार आणि जाळीच्या टोपलीत एक घोरपडीचं पिल्लू होतं. पिल्लू त्यानं मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतून काढलं होतं, पुढं ते डोंगरात सोडून आला.

ही त्याची गंमतच होती. लोक बाजारातून प्राणी आणतात, त्याच्याकडं ते मोटारींतून यायचे. शेतात सहा सहा महिने बंद पडलेली मोटार, तिच्या पोटात पाली, विंचू, गांधीलमाशा, उंदरांची पिल्लं... पेटी उघडली की दुसरा कुणी मिस्त्री आधी झाडू शोधेल. अशोक आधी डबा शोधायचा. जे सोडता येईल ते सोडायचा, जे जगणार नाही ते ठेवायचा, आणि ठेवलेल्याची घाण काढायची मी. पाळायचं त्यानं, निस्तरायचं मी, अशी आमची वाटणी चौदा वर्षं चालली. मी रोज कुरकुरले. एक दिवसही सुटला नाही.

पोपट तेवढा मोटारीतून आला नाही. रस्ता रुंद करताना झाड पाडलं, त्याच्या ढोलीतून तो पडला. पंख मोडलेला. पोपट घरात ठेवणं कायद्यात बसत नाही हे अशोकला ठाऊक होतं, म्हणून त्यानं स्वतःच जंगल खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला बोलावून दाखवला. तो माणूस पंख पाहून म्हणाला, हा बाहेर एक दिवस टिकणार नाही, वर विचारून सांगतो. सांगायला काही तो आला नाही, पुढं येता-जाता पेरू मात्र ठेवून जायचा. पिंजऱ्याचं दार कायम उघडंच असतं. तो पोपट आजवर एक शब्द बोललेला नाही. अशोकच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर बाया पिंजऱ्याभोवती जमल्या. "भाऊच्या आवाजात बोलत असंल ना हा?" मी म्हटलं, नाही हो, तो फक्त खातो. त्यांचा हिरमोड झाला. मी तरी काय करणार?

आणि म्हातारी. लोणारकडचा एक शेतकरी दोन वर्षं बांधावर पडून असलेली मोटार घेऊन आला. अशोकनं ती आडवी केली तसा तो गडी मागं सरकला. "अशोकभाऊ, अंदर हाय काई तरी! मारा लवकर!" बुडाच्या पोकळीत कोळ्याची तळहाताएवढी केसाळ मादी बसलेली. मी आतून डोकावले आणि तशीच स्वयंपाकघरात पळाले. तिथून मला अशोकचा आवाज ऐकू येत होता, अगदी शांत. "काऊन मारू? मोटार तू बंद ठेवली, तिनं घर केलं. तिचं काय चुकलं?"

मासे ठेवायची एक काचेची पेटी होती, तिच्यात अशोकनं माती भरली, फुटक्या माठाचं खापर पालथं ठेवलं, वर जाळी. सावकाश चालायची म्हणून तिला म्हातारी म्हणायला लागला. आठ-दहा दिवसांतून एक झुरळ, एवढंच तिचं जेवण. कधी कधी मात्र पेटीवर माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकून ठेवायचा आणि मला म्हणायचा, "चार दिवस इकडं येऊ नको, भांडे आपटू नको." मला वाटायचं, लहर आहे, असते एकेकाची. मी लुगडं वर करून कधी पाहिलं नाही. पाहण्यासारखं काय होतं तिच्यात? एकदा मी चिडून म्हणालेसुद्धा, "मी आजारी पडले तर इतकं करशील का रे?" तो तार गुंडाळत होता, मान वर न करता म्हणाला, "तुले बोलता येते ताई. तू सांगशीन काय दुखते ते." तेव्हा मला फार राग आला होता.

मग त्यालाच बोलवेना इतकी धाप लागायला लागली. हृदयाची झडप खराब झाली होती. अकोल्याला भरती केलं, नितीन रजा घेऊन आला. मी पिशवी भरून तयार होते, तर हा गाडीत बसता बसता म्हणतो, "तू इथंच राह्य. मी मानसायत हाओ, त्यायले कोन हाय? रोज त्यायचं पाह्यजो." भावाच्या शेवटच्या आजारात बहीण कुठं होती, असं कुणी विचारलं तर मला सांगावं लागेल, ती मेहकरात मोरीजवळ पेला घेऊन झुरळं धरत होती. त्र्याहत्तराव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. रविवारी तेवढी बसनं जाऊन यायची.

पहिल्या रविवारी त्यानं विचारलं, "म्हातारी खाते?" म्हातारी खात नव्हती. झुरळ तिच्या पाठीवरून चालत जायचं तरी ती हलायची नाही. पण समोर नळ्या लावलेला माणूस. मी म्हणाले, "खाते ना. तुझ्यापेक्षा बरं खाते." तो हसला. दुसऱ्या रविवारीही मी तेच सांगितलं, आणि तिसऱ्या रविवारी सांगायची तयारी करून ठेवली होती. आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून आपण जे बोलतो तेच मी बोलले. त्यात काही चूक आहे असं मनात आलं नाही.

तिसऱ्या शनिवारी सकाळी पाहते तर म्हातारी पाठीवर पडलेली, आठही पाय वर. मी काचेवर टिचकी मारली. हलली नाही. झाडूच्या काडीनं पायाला लावून पाहिलं. नाही. तासभर तिथंच स्टूल घेऊन बसले. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मनात आलं, सुटले एकीतून. मग उद्याचा रविवार आठवला. मी तिला पुठ्ठ्यावर घेतलं, बाहेर नेलं, लिंबाखाली हातभर खड्डा करून पुरलं आणि वरून माती दाबली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून एक वीटही ठेवली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी साडेतीन तास खोटं घोकत गेले. त्याच्या कॉटशेजारी बसले आणि ते तोंडातून निघेना.

"म्हातारी गेली रे."

"कवा?"

"काल सकाळी. पाहिलं तर उताणी पडली होती."

"खात होती ना पन?"

"नाही. तीन आठवडे काहीच खाल्लं नव्हतं. तुला उगाच काळजी नको म्हणून..."

"मंग काय केलं तिचं?"

"लिंबाखाली पुरली. नीट पुरली."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, नितीनला खूण करून मी उठायला लागले, तर त्यानं माझं मनगट धरलं. हात गार होता. "बरं केलं," म्हणाला. "लय वय झालं होतं तिचं. तिची वेळच आली होती. तुले लय तरास झाला ना ताई?" मग म्हणाला, "खाली चहा चांगला भेटते, पिऊन जाजो." मी चहा पिऊन आले. चांगला नव्हता. गुरुवारी पहाटे तो गेला.

तो गेल्यावर ज्यांच्या मोटारी दुकानात अडकल्या होत्या ते लोक यायला लागले. अशोक प्रत्येक मोटारीला चिठ्ठी बांधायचा, गिऱ्हाइकाचं नाव आणि काय बिघडलं ते. एका मोटारीची चिठ्ठी सापडेना, म्हणून मागच्या आठवड्यात मी त्याचं भिंतीतलं कपाट उघडलं. वरच्या फळीवर मोठ्या बेअरिंगची खोकी ओळीनं लावलेली. पहिलं उघडलं आणि किंचाळून खाली टाकलं. आत म्हातारी बसली होती! तसेच केस, तसेच पाय. धीर करून पाहिलं तर आत काही नव्हतं, पोकळ. कापसावर ठेवलेलं नुसतं तिचं कातडं, सापाची कात असते तसं. खोक्याला मोटारीला बांधायचा तशीच चिठ्ठी होती. "म्हातारी. वीस दिवस खाल्लं नाही. सकाळी उताणी पडली. सात तासांनी कात टाकून उठली. हात लावला नाही."

अशी आठ खोकी होती. आठही चिठ्ठ्यांवर थोड्याफार फरकानं तेच. खाल्लं नाही, उताणी पडली, उठली. शेवटी प्रत्येकीवर, हात लावला नाही. मी जमिनीवर बसून आठही वाचल्या, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

म्हणजे मी "उताणी" म्हणाले तेव्हाच त्याला कळलं होतं. मी "खाते" म्हणाले नसते तर त्यानं मला पहिल्याच रविवारी बजावलं असतं, लुगडं टाक आणि लांब राहा. त्या मिटलेल्या डोळ्यांमागं तो हेच पाहत असणार... हातभर खड्डा, दाबलेली माती, वर वीट. आणि डोळे उघडून माझ्याकडं बघत तो म्हणाला, बरं केलं.

मला त्याचा राग आला आहे. त्यानं रागवायला हवं होतं. आयुष्यभर मी कुरकुरले, तो ऐकत राहिला. एकदा, शेवटचं, त्याचं काही ऐकून घ्यायला माझी तयारी होती. आपण चार दिवसांचे सोबती उरलो आहोत हे त्याला दिसत असणार, म्हणून त्यानं तो हिशोब माझ्यापुरता मिटवून टाकला. मीही त्याला बरं वाटावं म्हणूनच खोटं बोलले होते. माझ्या खोट्यानं म्हातारीचा जीव घेतला, त्याच्या खोट्यानं मला पाच आठवडे सुखाची झोप दिली. मी खुरपं घेऊन लिंबापाशी गेलेही. वीट बाजूला केली, पुन्हा होती तशी ठेवली आणि परत आले. आता उकरून काय सापडणार होतं?

मांजरं आता सात आहेत. पोपट खातो आहे. नितीन म्हणतो, पुण्याला ये, हे सगळं कुणाला तरी देऊन टाक. कुणाला देऊ? सकाळी उठते, हरभरे भिजवलेले असतात, करते. काल मी बेअरिंगचं एक रिकामं खोकं शोधलं, तळाशी कापूस घातला, एक चिठ्ठी लिहून त्याला बांधली आणि फळीवर आठव्या खोक्याशेजारी ठेवलं. "म्हातारी. तीन आठवडे खाल्लं नाही. सकाळी उताणी पडली. ताईनं हात लावला." अक्षर माझं आहे, शाळेतलं, गोल. अशोक असता तर त्यानं शेवटचं वाक्य खोडून टाकलं असतं.