भावडबारीतला पिवळा उजेड

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि राग मानू नका, पण बहुतेक वेळा हसायलाच वाचते. पैंजणांचा आवाज, पांढरी साडी, मागे वळून पाहिलं तर कोणी नाही... माझा यातल्या कशावर विश्वास नव्हता आणि आजही भुताखेतांवर नाही. तरीही लिहितेय, कारण जे घडलं ते नेमकं माझ्या कामाच्या विषयात घडलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दोन मिनिटांत गप्प केलं असतं. स्वतःला मात्र अजून गप्प करता आलेलं नाही.

मी नाशिकला राहते. अंबडच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दिव्यांची तपासणी करणं हे माझं काम. अंधाऱ्या खोलीत हेडलाईट लावायचा, समोरच्या पडद्यावर उजेड कुठे पडतो, किती पडतो, त्याचा रंग काय हे मोजायचं. इतकी वर्षं हेच केलंय, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा झोत बघूनच मी सांगते, बल्ब तिरका बसलाय की काच धुरकट झालीय. नवरा संदीप वैतागतो. म्हणतो, “लोक चांदणं बघतात, तू लाईट बघतेस!”

आमची गाडी जुनी, छोटी. तिचे हॅलोजन बल्ब मंद झाले होते. मी नवे हॅलोजन आणणारच होते, तेवढ्यात संदीपने माझ्या वाढदिवसाला ‘सरप्राईज’ म्हणून एलईडी बसवून आणले. पार्किंगच्या भिंतीवर उजेड टाकून दाखवला. पांढराशुभ्र, निळसर झाक असलेला.

“बघ! शोरूममधून आणल्यासारखी वाटतेय की नाही?”

“वाटतेय. पण समोरच्याचे डोळे दिपणार.”

“झालं, बाईंचं ऑफिस सुरू झालं.”

“अरे, आपल्या हेडलाईटची वाटी हॅलोजनच्या तारेसाठी बनवलेली आहे. तार जिथे जळते, तिथूनच उजेड निघाला तर तो रस्त्यावर नीट पडतो. यात उजेड निघतो दुसरीकडूनच. म्हणून तो वर, बाजूला, झाडावर, सगळीकडे उडतोय. धुक्यात तर काहीच दिसणार नाही.”

“नाशकात कुठलं एवढं धुकं?” असं म्हणून त्याने विषय संपवला. मीही सोडून दिलं. प्रेमाने आणलेली वस्तू दुसऱ्याच दिवशी कोण काढून फेकतं?

संदीपचं गाव नामपूर. माझ्या सासूबाई तिथेच असतात. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला ठरलं होतं आणि डॉक्टरांनी सकाळी लवकर बोलावलं होतं. म्हणून आम्ही आदल्या दिवशी नामपूरला गेलो आणि पौषातल्या त्या पहाटे, अजून अंधार असतानाच निघालो. गाडी मी चालवत होते, संदीप शेजारी, आई मागच्या सीटवर गोधडी पांघरून. निघण्यापूर्वी मी हेडलाईटच्या काचा फडक्याने स्वतः पुसल्या होत्या. ही माझी सवय आहे, आणि हे सांगण्याला कारण आहे.

सटाण्यापर्यंत रस्ता स्वच्छ होता. देवळा सोडलं आणि धुकं सुरू झालं. भावडबारीचा घाट तसा काही मोठा नाही. ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना माहीत आहे, एरवी बोलता बोलता संपतो. पण त्या दिवशी घाटात शिरलो आणि समोर पांढरी भिंतच उभी राहिली. आमचा तो शोरूमछाप उजेड धुक्यावर आपटून आमच्याच डोळ्यांत परत येत होता. रस्ता नाही, कडेची पांढरी पट्टी नाही, बोनेटच्या पुढे काही म्हणजे काही नाही.

“थांबू या का?” संदीप म्हणाला.

“थांबायचं कुठे? मागून एखादा ट्रक आला तर सरळ आपल्यावर येईल.”

मी पहिल्या गिअरवर होते. काच खाली करून कडेच्या दगडांच्या अंदाजाने गाडी पुढे सरकवत होते. घाबरले नव्हते. घाट माझ्या पायाखालचा होता आणि पुढे थोडी मोकळी जागा आहे हे मला माहीत होतं. तिथपर्यंत जायचं आणि गाडी बाजूला घ्यायची, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात मागून आई म्हणाल्या, “उजेड पिवया कसा व्हई गया?”

पिवया म्हणजे पिवळा, त्या घरात अहिराणीच बोलतात. मोतीबिंदूच्या डोळ्यांना सगळंच पिवळट दिसतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण पुढच्याच क्षणी माझ्याही ध्यानात आलं... समोरची भिंत नाहीशी झाली होती. धुकं होतं तसंच होतं, त्याच्या खालून रस्ता दिसत होता. डांबर, पट्टी, कडेचा कठडा. सगळं पिवळ्या उजेडात, जुन्या हॅलोजनचा असतो तशा.

“फॉग लॅम्प लावलेस का?” संदीपने विचारलं.

“आपल्या गाडीला फॉग लॅम्प आहेत कुठे?”

रंगाचं मी एक वेळ सोडून देईन. मला हादरवलं ते उजेडाच्या आकाराने. एवढ्या दिवसांत आमच्या गाडीचा झोत कधी आखीव पडला नव्हता, पडूच शकत नव्हता. आता तो रस्त्यावर सपाट अंथरल्यासारखा पडला होता. वरची कड सुरीने कापल्यासारखी. डावीकडे किंचित वर चढलेली, नियमात असायला हवी तशी. असा झोत मी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर रोज बघते. आमच्या त्या वाटीत ते बल्ब असताना असा झोत पडणं अशक्य आहे. अवघड नव्हे, अशक्य.

आणि त्या झोताच्या टोकाला मला एक बाई दिसली.

मी करकचून ब्रेक मारला. भर रस्त्यात ती बसलेली होती, दोन्ही हात वर करून ओरडत होती. तिच्या मागे एक पिकअप रस्त्यात आडवी झालेली. लाईट बंद, कांद्याच्या गोण्या फुटून सगळीकडे कांदे पसरलेले. चालकाच्या बाजूचा दरवाजा चेपला होता आणि त्यात पाय अडकलेला एक माणूस अर्धा बाहेर लोंबकळत होता. बाईने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर तोलून धरलं होतं. म्हणून ती रस्त्यातून उठू शकत नव्हती.

आम्ही धावलो. तिचं नाव मंगल, नवऱ्याचं दत्तू. देवळ्याजवळच्याच एका गावचे. स्वतःच्या शेतातला कांदा लासलगावच्या बाजारात न्यायला निघाले होते. वळणावर अंदाज चुकला आणि गाडी दरडीवर आदळून आडवी झाली.

“ताई, मला वाटलं आता कोणी तरी येऊन चिरडनार आमाला,” ती म्हणाली. “मोबाईलची बॅटरी लावली, पन धुक्यात कोनाला दिसंल ती? मंग हा तुमचा पिवळा लाईट दिसला. लय लांबून दिसला. म्हनून वरडले.”

पिवळा. मी काही विचारलेलं नव्हतं, ती आपणहून म्हणाली. मी वळून आमच्या गाडीकडे पाहिलं. दोन्ही दिवे पिवळे. अंगावर काटा आला, पण तेव्हा काट्याकडे बघायला वेळ नव्हता.

संदीप आणि मी दरवाजा ओढत होतो, तो हलत नव्हता. आई कधी खाली उतरल्या कळलंच नाही. दिसत धड नसताना चाचपडत आल्या, कांद्यांवरून दोनदा घसरल्या आणि मंगलला म्हणाल्या, “दे, मी धरस त्याले. तू ऊठ माय.” दत्तूचं डोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. तो शुद्धीत होता, पण सारखं “पाय हाय का, पाय हाय का?” एवढंच विचारत होता. आई दर वेळी तेवढ्याच शांतपणे, आहे म्हणून सांगत होत्या, “शे रे बाबा, शे.”

मग समोरून, सोग्रस फाट्याच्या बाजूने, चढावर इंजिनाचा आवाज आला. जड गाडी होती. पिकअप तिच्या रस्त्यात आडवी आणि आम्ही पिकअपला चिकटलेले. संदीप ओरडत पुढे पळाला. हवेचे ब्रेक फुसफुसले आणि दुधाचा एक टँकर पिकअपच्या अगदी पुढ्यात येऊन थांबला.

चालक खाली उतरला, चाळिशीचा, मफलर गुंडाळलेला. “बरं झालं पिवळे लाईट चालू ठेवले,” हे त्याचं पहिलं वाक्य. “माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. हल्लीच्या पांढऱ्या लाईटनं तर धुक्यात अंतरच कळत नाय.”

त्याने केबिनमधून टॉमी काढली, ती लोखंडी पहार. तो आणि संदीप दोघांनी जोर लावला तेव्हा दरवाजा सुटला आणि दत्तूचा पाय बाहेर आला. त्याची अवस्था मी इथे लिहीत नाही. संदीपने पोलिसांना दाखवायला म्हणून एक फोटो काढला आणि दत्तूला आम्ही आमच्या गाडीत घेतलं. टँकरवाला मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला तिथेच उभा राहिला.

मी गाडी वळवली. वळताना झोत दरडीवरून फिरला, तेव्हाही पिवळाच होता. देवळ्याच्या दवाखान्यापर्यंत मी कशी आले मला विचारू नका. मागे दत्तू कण्हत होता, मंगल देवीचं नाव घेत होती, आई त्याचा पाय धरून बसल्या होत्या. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरले आणि समोरच्या भिंतीवर उजेड पडला.

पांढरा. निळसर झाक असलेला. वर, बाजूला, पत्र्यावर, सगळीकडे उडालेला.

मी संदीपकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

दत्तूचा पाय वाचला. थोडा लंगडतो, पण शेतात जातो. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. आईंचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं, तेही छान झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर घरी आल्या आणि पार्किंगमध्ये उभ्या राहून मला म्हणाल्या, “लाव बरं तो लाईट.” मी लावला. बराच वेळ बघत राहिल्या. “हाऊ तो नही,” हा तो नव्हे, एवढं बोलून जिना चढून गेल्या.

आता मी काय काय तपासलं ते सांगते, कारण खाली लोक लिहिणारच आहेत. काचेवर धूळ, चिखल? नाही, काचा मी निघताना पुसल्या होत्या आणि दवाखान्यात लगेच पाहिल्या, स्वच्छ होत्या. धुक्याने रंग बदलला? धुक्याचे थेंब रंग गाळत नाहीत, आणि मग दिव्यांकडे थेट पाहिल्यावरही ते पिवळे का दिसावेत? भीतीने भास झाला? एकाच वेळी पाच जणांना, आणि त्यातल्या दोघांना आमच्या गाडीत कोणते बल्ब आहेत हेही माहीत नसताना?

ते बल्ब मी कामावर नेले. साहेबांची परवानगी काढून आमचा अख्खा हेडलाईट अंधाऱ्या खोलीत लावला. विजेचा दाब कमी करून पाहिला, जास्त करून पाहिला. बल्ब तापवले, गार केले, हलवले, काचेवर पाण्याची वाफ धरली. मंद झाले, लुकलुकले, एकदा बंदही पडले. पिवळे झाले नाहीत. आणि तो सुरीने कापलेला झोत... तो तर एकदाही नाही.

संदीपने घाटात काढलेल्या फोटोत पिकअपवर तो पिवळा उजेड पडलेला दिसतो. तो मी सहकाऱ्याला दाखवला. तो माझ्याहून संशयी. म्हणाला, “मोबाईलचा कॅमेरा रंग बदलतो, वर्षा. याला काही अर्थ नाही.”

“बरोबर. मग मंगलच्या हातातली ही मोबाईलची बॅटरी बघ. त्याच फोटोत आहे. ती पांढरी का दिसतेय?”

त्याने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “चहा घ्यायला जाऊ या.”

मंगलच्या मते ही सप्तशृंगीची कृपा. ती गडावर जाऊन नारळ फोडून आली, आमच्या नावाचाही फोडला. संदीपच्या मते त्याने आणलेल्या बल्बमध्ये काहीतरी खास होतं, आणि हे तो चारचौघांत छाती काढून सांगतो. मी दोघांशीही वाद घालत नाही. माझ्याकडे दुसरं काही उत्तर असतं तर घातला असता.

ते एलईडी मी काढले आणि चांगले हॅलोजन बसवले. संदीपला वाईट वाटलं. “ज्यांनी एवढं केलं, तेच काढतेस?” म्हणाला. मी म्हटलं, “जे का झालं ते मला कळलेलं नाही, ते पुन्हा होईल असं धरून मी तुम्हाला कुणाला गाडीत बसवणार नाही.”

परवा मंगलचा फोन आला होता. दत्तू पिकअप चालवायला लागलाय म्हणून सांगायला. बोलता बोलता तिने विचारलं, “ताई, ते लाईट हायेत ना गाडीला?”

“नाहीत गं. काढले.”

ती म्हणाली, “आमच्या गाडीला बसवायला मागनार होते मी.”

मी तिला खरं ते सांगितलं. तसले बल्ब कुठल्याही दुकानात मिळतील, पण तो उजेड कुठे मिळतो हे मला माहीत नाही. धुकं असलं की दत्तूला म्हणावं, उजाडेपर्यंत घरी थांब.

“थांबतोच की आता,” ती म्हणाली. “मीच किल्ली देत नाय.”