गणवेशाला अस्तर नसतं

सोलापुरात ज्याच्या ज्याच्या अंगात हाडं आहेत, त्या प्रत्येकाला आमच्या मामांनी कधी ना कधी दुखण्याची गोळी दिलेली आहे. मामा डॉक्टर नाहीत. मामा टेलर आहेत, तेही शाळेच्या गणवेशांचे. चाळीस वर्षं त्यांनी खाकी, निळ्या आणि चॉकलेटी कापडावर वाकून काढली आणि त्या वाकण्यानं त्यांची कंबर अशी धरली, की उठताना ते आधी मशीनला धरतात, मग भिंतीला आणि शेवटी देवाला. कंबर कुठल्या साली दुखायला लागली असं विचारलं तर ते साल सांगत नाहीत. मुलींच्या शाळेनं फ्रॉक बंद करून पंजाबी ड्रेस काढला त्या वर्षी, असं सांगतात. त्या वर्षी गल्लीतल्या डॉक्टरांनी त्यांना दहा दिवसांसाठी एक गोळी लिहून दिली होती. मामांचे ते दहा दिवस संपलेच नाहीत.

गोळ्यांची पट्टी ते बॉबिनच्या डब्यात ठेवायचे. सारखं लागतं ते हाताशी पाहिजे, हा धंद्याचा नियम. पट्टी संपली की तिचा एक तुकडा कात्रीनं चौकोनी कापून घ्यायचे, कापडाचा नमुना दाखवावा तसा मेडिकलवाल्याला दाखवायचे आणि ह्याच ताग्यातलं दे म्हणायचे. गोळी सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या पहिल्या बशीबरोबर, पोटात अन्नाचा कण नसताना. जेवल्यावर घ्या म्हटलं तर म्हणायचे, "भाकरीवर टाकली की गोळी भाकरीतच गुतती. कमरंपतुर पोचंल कशी?" आमच्याकडची कडक भाकरी ज्यानं चावली आहे, त्याला हे म्हणणं अगदीच खोटं वाटणार नाही. मे महिन्यात, म्हणजे गणवेशाच्या सीझनला, एका गोळीच्या दोन व्हायच्या आणि शाळा उघडायच्या आठवड्यात तीन.

बरं, एकट्यानं घेतील तर ते मामा कसले. मापाला आलेला माणूस हात वर करताना नुसता कण्हला, तरी त्यांचा हात टेप सोडून थेट बॉबिनच्या डब्यात जायचा. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, मोहोळला, विहीणबाईंची पाठ भरून आली. मामांनी खिशातली पट्टी काढली. ते बघून विहीणबाईंच्या जावेला आपला गुडघा आठवला, जावेच्या भावाला टाच आठवली, आणि जेवणाची पहिली पंगत बसायच्या आत निम्म्या वऱ्हाडानं मामांच्या हातची गोळी घेतली. त्या लग्नात मानपानावरून कुणी रुसलं नाही. दुखणं थांबलं की माणूस भांडत नाही, असा मामांचा सिद्धांत होता आणि मोहोळनंतर तो पक्का झाला.

मामा माणसं चेहऱ्यानं ओळखत नाहीत, खांद्यानं ओळखतात. एकदा एका शाळेच्या कार्यक्रमाला मोठे पाहुणे आले होते. शिक्षणावर तासभर बोलले, लोकांनी डोळे पुसले. घरी येताना मी मामांना विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाले, बोलला चांगला, पण डावी बाही पाऊण इंच लांब आहे, तिकडंच ध्यान जात होतं.

मी बी.एस्सी. झालो. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घरांत पदवी घेतलेला मी पहिला. हे मी सांगत सुटतो असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत त्यांना ते कळायचं नाही. निकाल लागला त्या दिवशी मामांनी सीझनचं काम बाजूला सारून माझं माप घेतलं आणि आयुष्यातला पहिला आणि शेवटचा कोट शिवला, माझ्या नोकरीच्या मुलाखतीसाठी. आत गर्द लाल रंगाचं, झुळझुळीत अस्तर. एवढं भारी अस्तर आत कोण बघणार, असं मी म्हटलं तर म्हणाले, बघण्यासाठी नाही लावत, घाम अस्तर खातं म्हणून कोट वाचतो. त्या दिवसापासून ते मला ग्रॅज्युएट म्हणतात आणि घरात आलेला कागद, मग तो लाइटबिलाचा असो की लग्नपत्रिकेचा, माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय खरा मानत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मामांचं पोट जळजळायला लागलं. घशाशी आंबट यायचं, जेवण अर्ध्यावर सुटायचं. मामी मागं लागली म्हणून मी त्यांना चांगल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की दुखण्याची ही गोळी अशी रोज घ्यायची नाही. अगदीच सहन होईना तर घ्या, पण जेवणानंतर. आणि पोटासाठी एक वेगळी गोळी लिहून दिली, रोज सकाळी, काही खायच्या आधी. मामा नंदीबैलासारखी मान हलवत होते. जिना उतरल्यावर मला म्हणाले, ग्रॅज्युएट, ही दुसरी कशाला?

सरळ सांगता आलं असतं. दुखण्याची गोळी पोटाची आतली कातडी खाते, ही दुसरी ती वाचवते, एवढं पुरलं असतं. पण शिकलेल्या माणसाला दाखला द्यायची संधी मिळाली की तो सोडत नाही. मी म्हटलं, "मामा, ही अस्तर आहे. कोटाला आतून असतं ना, तसं पोटाला." मामा थांबले, माझ्याकडं बघितलं, आणि समजलं समजलं असं म्हणून रिक्षात बसले. मला फार बरं वाटलं. फिजिक्सच्या सरांनीसुद्धा इतकं सोपं करून सांगितलं नसतं, असं वाटलं. खोटं कशाला सांगू.

सहा-सात महिन्यांनी मामीचा फोन आला. मामांना दम लागत होता, दोन बाह्या जोडल्या की बसावं लागत होतं, चेहरा पांढरा पडला होता. आणि पंधरा दिवस संडासला काळं होत होतं. मामा म्हणत होते, कारळ्याच्या चटणीनं होतंय. आमच्या घरात कारळ्याची चटणी रोज असते आणि ती काळीच असते, तेव्हा मामीनंही आधी ऐकून घेतलं. मग तिनं कुणाला न सांगता आठ दिवस चटणी केलीच नाही. तरी काळंच, डांबरासारखं. "हे चटनीचं काळं न्हाय रे," ती फोनवर म्हणाली. तिला ना शाळा ना कॉलेज. पण पडताळा कसा घ्यायचा हे मला तिच्याकडून शिकावं लागलं.

मी पोचलो तेव्हा मामा मशीनशेजारी, हाफ पँटच्या ढिगावर डोकं ठेवून पडले होते.

दवाखान्यात रक्त चढवलं, दुर्बीण घालून बघितलं. पोटात जखम होती आणि ती वाहत होती. अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. दुखण्याची गोळी रोज चालूच होती, मग पोटाची घेत नव्हते का, असंही विचारलं. घेतात की, मी छातीठोकपणे म्हणालो. तेव्हा मागं उभ्या असलेल्या मामीनं पिशवीतून बटणांचा डबा काढला. त्यात पट्ट्या होत्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

मी आत गेलो. हाताला रक्ताची नळी, ओठ कोरडे, आणि मामा हळू आवाजात मला विचारतात, डॉक्टरांचा अ‍ॅप्रन कुणी शिवलाय, काखेत ओढतोय. मी म्हटलं, ते असू दे, पोटाची गोळी का घेतली नाही?

"तूच म्हनला न्हाय का, अस्तर हाय म्हनून."

"मग?"

"अस्तर कोटाला असतंय, ग्रॅज्युएट. आपन गनवेशवाले. गनवेशाला कुनी अस्तर लावतंय व्हय?"

चेष्टा नव्हती ती. चाळीस वर्षांत एकाही गणवेशाला त्यांनी अस्तर लावलं नव्हतं. ते कापडच असं, की मातीत लोळा, झाडावर चढा, वर्षभर टिकलं पाहिजे. आपलं पोट त्याच ताग्यातलं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. मी स्टुलावर बसलो. डॉक्टर बरोबर सांगत होते, औषध बरोबर होतं, मधे मी होतो.

मामा घरी आले. दुखण्याची ती गोळी जन्माची बंद झाली. आता सौम्य गोळी, तीही मोजकी, गरम पाण्याची पिशवी, चार व्यायाम, आणि दर अर्ध्या तासानं उठायची शिक्षा. पोटाची गोळी मात्र रोज सकाळी घेतात, आणि घेतली की आत ओरडून सांगतात, अस्तर लावलं गं. शाळांच्या मोठ्या ऑर्डरी दुसऱ्याकडे गेल्या. मामांकडं आता चेन बदलणं, उंची कमी करणं असलं काम राहिलं. दुखणं होतं तिथंच आहे. उठताना ते मशीनला धरतात, भिंतीला धरतात, देवाला धरतात आणि आता मामीला.

गेल्या महिन्यात मी तो कोट घेऊन त्यांच्याकडं गेलो. ऑफिसचा कार्यक्रम होता आणि खांद्यात घट्ट होत होता. मामांनी मला उभं केलं, पाठीवर टेप लावला आणि पाठीमागूनच विचारलं, "एक खरं सांग. तुमच्या सायन्समधी अशी येक गोळी न्हाय व्हय, कमरंला कळनारी आन पोटाला न कळनारी?"

दाखला जिभेवर आला होता. मी तो गिळला. "माहीत नाही, मामा," मी म्हणालो. त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

टेप खांद्यावर थांबला होता. "डावा खांदा उतरलाय तुझा," ते म्हणाले. "अर्धा इंच. मान दुखतीय व्हय?"

नाही म्हणालो. सकाळपासून पोटात दोन चहा होते आणि शर्टाच्या खिशात एक पट्टी होती. रंगही मामांच्या जुन्या पट्टीचाच.

मामांचा हात सवयीनं बॉबिनच्या डब्याकडं गेला. झाकण उघडलं, बोटं आत फिरली. आत नुसत्या बॉबिनी होत्या. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी झाकण लावलं, टेप गळ्यात टाकला आणि भिंतीला धरून आत हाक मारली,

"अगं, ह्याला आदी भाकरी वाढ. माप मागनं घिऊ."