रिलीव्हर आला नाही

बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक करायची, मान किंचित वाकडी करून कान द्यायचा, आणि मग निकाल सांगायचा: "गो" किंवा "नो-गो". आमच्या वरच्या मजल्यावरचे काका कलिंगडाला, गॅसच्या सिलिंडरला, नव्या दाराला, सगळ्यांना याच परीक्षेला बसवायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नवऱ्या मुलाच्या खांद्यावर टकटक केली होती. "गो," म्हणाले, "पन बारीक आवाज येतोय. लक्ष ठिव." तो आवाज पुढे घोरण्याचा निघाला.

काका जाऊन वर्ष होत आलं. टकटक मला अजून ऐकू येते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, तळवड्याच्या आयटी पार्कात वेबसाइटी बनवून पोट भरते. पण घरून काम करत असले आणि दुपारी चारच्या सुमारास छतावरून ते दोन ठोके आले, की हातातलं काम थांबतं ते थांबतंच.

काका मूळचे राजगुरुनगरच्या बाजूचे. चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणी खात्यात काढली. तिथे त्यांच्या हातात एक दोन टोकांचं माप असायचं, गो-नो-गो गेज. त्याचं एक टोक भोकात जायलाच हवं आणि दुसरं जाताच कामा नये. इतकं सरळ माप आयुष्यभर हातात राहिलं की माणूस तसाच होतो. "केसभराचा तर फरक आहे, सोडा की," असं सुपरवायझर म्हणाला तर हे विचारायचे, "कुनाचा केस?"

त्या कारखान्यात दुसऱ्याचं हजेरीचं कार्ड पंच करणं हा मोठा गुन्हा. माणूस घरी झोपलेला आणि हजेरी मात्र लागलेली. काकांनी एकदा एकाला असं कार्ड मारताना पकडलं आणि सरळ साहेबांना जाऊन सांगितलं. पकडलेला माणूस काकूंचा सख्खा भाऊ होता. त्याची नोकरी गेली. काकू महिनाभर काकांशी बोलल्या नाहीत. डबा भरून दाराशी ठेवायच्या आणि आत निघून जायच्या.

"चुकलं असं वाटतं का काका?" मी एकदा विचारलं होतं.

"नो-गो म्हंजे नो-गो," ते म्हणाले. पण तेव्हा त्यांना टकटक करायला जवळपास काही सापडलं नाही आणि हात नुसताच गुडघ्यावर राहिला.

आता काकूंविषयी. काका निवृत्त झाल्यावर तीन-चार वर्षांत काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग नावं, मग वर्षंच्या वर्षं. ज्या वर्षांत त्या शेवटी जाऊन थांबल्या, त्या वर्षांत काका अजून कामाला जात होते. काका नजरेआड झाले की काकूंचा एकच प्रश्न असायचा, "आज यांची शिफ्ट कुठली?" एकदा काका दळण आणायला गेले तर काकू डबा भरून थेट हायवेवर गेल्या, जिथे पूर्वी कंपनीची बस थांबायची तिथे. भर रहदारीत, पायात चप्पल नाही. एका रिक्षावाल्याने ओळखून घरी आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे होते. हातात जुनं इन्स्पेक्शन रजिस्टर आणि कानाला पेन्सिल.

"इंजिनीअर बाई, वेबसाइट घरातल्या घरात चालती का? भाईर कुनाला दिसाय नको. आमच्या घरातलं घरातच ऱ्हायला पायजे."

मी म्हटलं, चालते. आम्ही रोज तेच करतो. आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर बसवायचा, तिथे साइट चालवून बघायची आणि सगळं नीट झालं की बाहेर सोडायची.

"म्हंजे ट्रायल जाग्यावर, डिस्पॅच नंतर."

"हो. पण तुम्हाला डिस्पॅच करायचंच नाहीये."

"न्हाई. आपली कायमची ट्रायल."

त्यांच्या मुलीचा कॉलेजातला कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कव्हराखाली पडून होता. त्यावर आम्ही सर्व्हर बसवायला घेतला. पहिल्याच फटक्याला तो सुरू होईना. सर्व्हरला लागणारा पोर्ट, म्हणजे आत-बाहेर करायचं दार, दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोग्रॅमने अडवून ठेवला होता. काकांना हे लगेच समजलं. "कोन बसलंय तितं? उठीव त्याला. ड्यूटी नसताना मशीनवर बसायचं न्हाई." त्याला उठवलं. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट असं टाइप केलं आणि पांढऱ्या पानावर, सर्व्हर चालू आहे एवढं सांगणारे दोन इंग्रजी शब्द उमटले. काका खाली वाकले, जमिनीवर ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर त्यांनी टकटक केली, पंख्याची घरघर ऐकली आणि म्हणाले, "गो."

पुढचे दोन महिने ते रोज थोडं थोडं शिकले. रजिस्टरमध्ये प्रत्येक सूचना लिहून पुढे बरोबरची खूण करायचे. शेवटी साइट म्हणजे एकच पान झालं, मोठ्या अक्षरांचं, काकूंना लांबून वाचता येईल असं. बाहेर जाताना काका कॉम्प्युटरवर 'आऊट' दाबायचे, आल्यावर 'इन'. आऊट असले आणि बारा वाजायच्या आत असलं, तर पान सांगायचं: 'फर्स्ट शिफ्ट हाय. साडेतीनला सुटतो.' बारानंतर: 'सेकंड शिफ्ट हाय. जेवून घे. वाट बघू नको.' इन असले तर: 'घरातच हाय. हाक मार.' आणि गुरुवारी काहीही दाबलेलं असो, पान सांगायचं: 'आज सुट्टी. घरातच हाय. हाक मार.' आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि त्या दिवशी काका खरंच पाऊल बाहेर टाकत नसत.

"थर्ड शिफ्ट नाही ठेवली?" मी विचारलं.

"रातच्याला मी शेजारीच असतो की. तवा पान कशाला लागतंय?"

हे पान स्वयंपाकघरात एका जुन्या टॅबवर दिसायला हवं होतं. काकांनी टॅब कॅलेंडरशेजारी टांगला, लोकलहोस्ट टाइप केलं आणि काहीच उघडलं नाही. संध्याकाळी मी कामावरून येईपर्यंत त्यांनी रजिस्टरच्या दोन पानांवर फुल्या मारल्या होत्या.

"काका, लोकलहोस्ट हे कुणा एकाचं नाव नाही. लोकलहोस्ट म्हणजे 'मी'. कॉम्प्युटरने म्हटलं तर कॉम्प्युटर, टॅबने म्हटलं तर टॅब. टॅब स्वतःलाच शोधत बसलाय, आणि त्याच्याकडे तर काहीच नाही."

काकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. काकू ओट्याशी उभ्या होत्या. हातात डाव होता आणि तो कशासाठी घेतला हे त्यांना आठवत नव्हतं.

"बरोबर हाय," काका हळू म्हणाले. "त्याला सवताचं इचारून उपयोग न्हाई. त्याला माजा नंबर दे."

मी कॉम्प्युटरचा घरातला नंबर टॅबमध्ये घातला. कारखान्यात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात लावायचा आतला फोन असतो तसाच तो नंबर, बाहेरून लागत नाही. पान उघडलं. काकूंनी डाव खाली ठेवला, एकेक अक्षर लावत वाचलं आणि हाक मारली, "अवो!"

"ओ," काका म्हणाले. तीन पावलांवरून.

मला वाटलं होतं ते खूश होतील. ते झाले, पण ती गोष्ट त्यांना खुपतही होती. जिन्यात एकदा मला थांबवून म्हणाले, "मंडईत असतो आन कंपनीत हाय म्हनून लिवतो. हे कार्ड मारनंच झालं का न्हाई?" मी म्हटलं, काकू हायवेवर जात नाहीत ना आता? मग झालं तर. त्यांनी मान डोलावली, पण टकटक केली नाही. मग म्हणाले, "जवर मी माघारी येतोय तवर ठीक हाय. ज्या दिवशी मी येनार न्हाई, त्या दिवशी बंद करायचं. मेल्या मानसाचं कार्ड कुनी मारायचं न्हाई. शब्द दे."

मला मीटिंगला उशीर होत होता. मी शब्द देऊन टाकला.

आणखी एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून करून घेतली होती. लाइट जाऊन आली तरी कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला पाहिजे, कुणी बटण दाबायला असो नसो. मी ते सेटिंग मोठ्या हौसेने करून दिलं.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी काका आऊट दाबून मंडईत गेले. येताना आकुर्डी स्टेशनच्या बाजूला रिक्षाथांब्यावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत. मेथीची जुडी मांडीवर तशीच होती.

दुपारी माणसं जमली, मुलगी राजगुरुनगरहून रडत आली. काकू सगळ्यांना पाणी देत होत्या. "बसा," म्हणत होत्या, "त्यांना सेकंडलाबी थांबवलंय. रिलीव्हर आला नसंल." रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो येऊन मशीन ताब्यात घेत नाही तोवर आधीच्या माणसाला जागा सोडता येत नाही. काकूंनी चाळीस वर्षं हेच कारण ऐकून भाजी पुन्हा गरम केली होती. काकांना खाली आणलं, तेव्हाही त्या सगळ्यांच्यात उभ्या राहून बघत होत्या. मग शेजारणीला विचारलं, "कुनाचं मानूस गेलं?"

संध्याकाळी मी दिलेला शब्द पाळायला कॉम्प्युटरशी गेले. बटणावर बोट ठेवलं. मागून काकू म्हणाल्या, "त्याला हात नको लावू बाई, त्यांची मशीन हाय ती. रागावतील." मी बोट काढून घेतलं. मनात हायवे होता, हे खरं आहे. पण धीर झाला नाही, हेही खरं आहे.

पुढच्या गुरुवारी सकाळी, काकू उठायच्या आतच, दर गुरुवारी जाते तशी लाइट गेली आणि दुपारी आली. मी घरीच होते. वर कॉम्प्युटरचा पंखा आपोआप फिरायला लागला असणार, सर्व्हर उठला असणार. थोड्या वेळाने काकूंची हाक ऐकू आली, "अवो!" मग दुसऱ्या खोलीतून. मग गॅलरीतून. मग कपाटाची दारं एकेक उघडल्याचा आवाज. मुलीचा फोन आला, तिला धड बोलता येत नव्हतं. "ताई, वर ये. ती बाबांना शोधतेय. ते घरातच आहेत असं त्या टॅबवर लिहिलंय."

मी धावत वर गेले. काकू पलंगाखाली वाकून बघत होत्या. टॅबवर मोठ्या अक्षरांत तेच होतं: 'आज सुट्टी. घरातच हाय. हाक मार.'

"बंद कर ते," मुलगी म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "नको. बंद केलं तर ती रस्त्यावर जाईल."

मी काकांच्या खुर्चीत बसले आणि त्यांचं पान उघडलं. गुरुवारची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं: 'आज ओव्हरटाइम आहे.' वाचून बघितलं. ते माझं वाक्य होतं, काकूंना चाललं नसतं. 'आहे' खोडलं आणि 'हाय' लिहिलं. माझ्या हातून काही खोटं झालं असेल तर ते त्या दोन अक्षरांत झालं. काकांचं कार्ड मी मारलं.

काकू टॅबपाशी गेल्या, वाचलं आणि साडीचा पदर नीट केला. "बगा," म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशीबी सोडत न्हाईत." आणि भाजी निवडायला बसल्या.

तेव्हापासून काका रोज फर्स्ट आणि सेकंड अशी डबल करतात आणि गुरुवारी ओव्हरटाइम. आयुष्यात ज्याने कुणाचा केसभर फरक सोडला नाही त्या माणसाला मी हे काम लावलंय. मुलगी आता आईजवळच राहते. काकू पुन्हा हायवेवर गेल्या नाहीत. मी स्वतःला हे पुन्हा पुन्हा सांगते, आणि दर वेळी मधेच थांबते.

परवा गुरुवारी चार वाजता छतावर ठोके पडले तेव्हा मी मुद्दाम वर गेले. काकू कॅबिनेटशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा दोनदा टकटक केली आणि मान वाकडी करून कान दिला. आत पंखा घरघरत होता.

मी शेजारी बसले. म्हटलं, "काकू, काका दमत नसतील का? आता सुटायला नको का त्यांनी?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कारखान्यातलं काहीच न कळणारी मी कुठली कोण.

"मशीन चालूच हाय की अजून," त्या म्हणाल्या. "मशीन चालू असताना कसं सुटतील?"