चोर कोण, ते अण्णा सांगत नाहीत

माझे वडील, आमचे अण्णा, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. पाथरी-परभणी हा त्यांचा नेहमीचा रूट. गाडी स्टँडवर लागली की बाकीचे चहाला जायचे आणि अण्णा मागच्या सीटवर बसून कादंबरी उघडायचे. कादंबऱ्या दोनच तऱ्हेच्या. एकीत काहीतरी चोरीला जायचं किंवा कुणाचा तरी खून व्हायचा, आणि तरी पानोपानी हसू यायचं. दुसरीत दोन माणसं एकमेकांवर जीव टाकायची आणि शेवटपर्यंत ते बोलून दाखवायची नाहीत. हे दोन्ही एकाच पुस्तकात सापडलं, तर अण्णांचा तो आठवडा सणासारखा जायचा.

पेडगावला एक नर्सबाई चढायच्या. त्यांनाही हाच नाद. तिकीट देता देता अण्णा विचारायचे, "झालं का वाचून?"

"सांगू नका हो काही, वीस पानं राह्यलीत," त्या म्हणायच्या. उतरताना पुस्तकं या पिशवीतून त्या पिशवीत जायची.

घरी आई भाजी निवडत बसली की अण्णा तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे. आईला वाचता येत नाही, पण चोर ती त्यांच्या आधी ओळखायची. "त्यो डॉक्टरच हाय बगा. लय गोड बोलायलाय," म्हणायची, आणि बहुतेक वेळा डॉक्टरच निघायचा.

हे सगळं मी लहानपणापासून पाहत आले. तरी मोठी झाल्यावर माझ्या हातून एक चूक झालीच.

मी तहसीलमध्ये कारकून आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत रविवारचं वाचन मंडळ सुरू केलं. पंधरा-वीस माणसं. शिक्षक, एक वकील, कॉलेजच्या दोन-तीन मुली, आणि सगळ्यांत मोठे म्हणून एक निवृत्त हेडमास्तर. दर आठवड्याला एकानं वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलायचं. पुस्तकं इतिहासाची, कायद्याची, चळवळीची. मी त्यांतून पुष्कळ शिकले. मंडळाची वही माझ्याकडे असायची आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

अण्णा रिटायर झाले आणि एक दिवस मला म्हणाले, "मी येऊ का गं तुमच्या मंडळात?"

मी गडबडले. "या की. पण अण्णा, तिथं जरा वेगळी पुस्तकं असतात."

"वेगळी म्हंजे?"

"म्हणजे... विचारांची."

अण्णा नुसता चष्मा पुसत राहिले.

तरी ते आले. चार रविवार मागच्या भिंतीला टेकून बसले, सगळ्यांचं नीट ऐकलं, जाताना सतरंजी घडी करून ठेवली. पाचव्या रविवारी ज्या सरांची पाळी होती त्यांचा फोन आला, अचानक बाहेरगावी जावं लागलं म्हणून. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मागून आवाज आला, "मी सांगू का एक?"

मी वहीत उगाच तारीख लिहायला लागले.

अण्णा उभे राहिले. चालत्या बसमध्ये उभे राहायचे तसेच, पाय थोडे फाकवून. "एका गावात एक शिंपीणबाई हाय," त्यांनी सुरुवात केली. "विधवा, पन्नाशीची. तिच्या दुकानातून एका नवरीचा चंद्रहार गायब होतो. गाव म्हणतंय, हिनंच घेतला. मग बाई म्हणती, थांबा, चोर मीच धरते. ती काय करती? एकेकाला मापाला बोलवती. छातीला टेप लावायची अन् हाराचं विचारायचं. खोटं बोलला की माणूस श्वास धरतो. माप एक इंच वाढतंय!"

वकीलसाहेब हसले. कॉलेजच्या मुली हसल्या. अण्णांना रंग चढला. सावकारणीचा आवाज, फौजदाराचा आवाज, सगळे आवाज त्यांनी काढले. मग गावातल्या पोस्टमास्तरांवर आले. त्या बाईवर त्यांचा वीस वर्षांपासून जीव, पण तोंडातून शब्द फुटत नाही. "मग दर महिन्याला हा माणूस आपली धडधाकट पँट घरी उसवतो अन् तिच्याकडं शिवायला आणतो. अन् ती बी इतकी हुशार बाई, टाका मुद्दाम कच्चा घालती."

आता सगळी खोली हसत होती. अण्णा थांबले. "हार कुणी नेला, ते मी सांगणार न्हाई. वाचा."

हेडमास्तरांनी घसा खाकरला. "छान सांगितलंत. पण यातून घ्यायचं काय?"

मी वहीत बघत राहिले. अण्णा मात्र गडबडले नाहीत.

"सर, गाडीत सगळ्या तऱ्हेची माणसं चढायची. सुट्ट्या पैशावरून शिव्या द्यायची. संध्याकाळपर्यंत माणसांचा वीट यायचा. असलं एखादं पुस्तक वाचलं की दुसऱ्या दिवशी त्याच माणसांकडं बघून हसू यायचं. राग यायचा न्हाई. विचारांची पुस्तकं बी मी वाचलीत. ती लागतेतच. पण ही बी लागतेत."

मंडळात कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "काका, ते पुस्तक मला द्याल का?" वकीलसाहेब म्हणाले, आपण आधी हात वर केला होता. खोली बंद करेपर्यंत माझ्या वहीत सात नावं झाली होती.

मंगळवारी हेडमास्तर घरी आले. चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "त्या शिंपीणबाईच्या पुस्तकासाठी माझा नंबर काही लवकर येत नाही. तशातलं दुसरं काही आहे का?"

अण्णांनी तीन पुस्तकं आणून समोर ठेवली आणि डॉक्टरसारखं विचारलं, "सर, तुमाला आधी हसायचंय का आधी रडायचंय?"

हेडमास्तर आवाज खाली आणून म्हणाले, "प्रेमाचं असलं तरी चालेल."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. सर गेल्यावर मी म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी मी चुकले."

"चुकलीस खरं," ते म्हणाले. "आता अजून एक कप चहा टाक."

आता महिन्यातला एक रविवार अण्णांचा असतो. पेडगावच्या नर्सबाई मुद्दाम त्या दिवशी येतात. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चुडाव्याच्या एक बाई त्यावर आवाज रेकॉर्ड करून पुस्तकं सुचवतात आणि सुचवताना स्वतःच इतक्या हसतात की निम्मं कळत नाही. कुणी चुकून शेवट लिहिला की अण्णा लगेच उत्तर देतात, "पुढच्या स्टॉपला उतरवीन."

मागच्या महिन्यात मी कामानिमित्त परभणीला गेले होते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक कादंबरी दिसली, ती घेतली आणि परतीच्या गाडीत वाचायला लागले. इतकी हसले की शेजारच्या बाईनं तब्येतीचं विचारलं. घरी येऊन ती अण्णांना दिली. दोन दिवस त्यांनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

रविवारी उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या वेळचं पुस्तक मी निवडलेलं न्हाई. माझ्या पोरीनं सुचवलंय. चोर मला लौकर कळला. पण त्या दोघांचं लग्न होतंय का न्हाई, ह्यानं मला जेवू दिलं न्हाई."

सगळे माझ्याकडे वळले. मी वहीत तोंड खुपसून बसले, हसू आवरत नव्हतं म्हणून. मग मात्र मान वर केली आणि अण्णांकडे बघत राहिले.