पोट मऊ आहे म्हणूनच घाई

उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर मी नर्सिंग असिस्टंट होतो. हुद्दा हवालदार, गाव कर्जत. सकाळी सात वाजता सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. जवानांची नाटकं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

ती मोडली कोपरगावच्या नाईक संपतनं. पोट धरून तो गडबडा लोळत होता. मी दाबून पाहिलं, पोट मऊ. म्हटलं, "नाटक पुरे." गॅसची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी संपत गेला.

खालच्या हॉस्पिटलातल्या सर्जन मेजरसाहेबांनी मला झापलं नाही. झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

"आतड्याची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती," ते म्हणाले. "उंचीवर रक्त घट्ट होतं. सुरुवातीला पोट मऊच लागतं, माणूस मात्र कळवळतो. भल्याभल्या डॉक्टरांच्याही हे ध्यानात येत नाही."

पुढच्या हिवाळ्यात, सकाळी ९.४० ला, शिपाई बाळू आला. केडगावचा, सगळ्या पोस्टला हसवणारा. आज वाकलेला.

"उस्ताद, पोटात लई दुखतंय."

दाबलं. मऊ. रेडिओवर खालचं हॉस्पिटल गाठलं.

"पेशंट प्रायोरिटी वन. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"पोट कसं आहे? ओव्हर."

"मऊ. ओव्हर."

"मग घाई कसली? ओव्हर."

"मऊ आहे म्हणूनच घाई. सर्जनसाहेबांना द्या. ओव्हर."

१०.५५ ला हेलिकॉप्टर उतरलं. दुपारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी निरोप आला: दोन फूट आतडं गेलं, बाळू राहिला. मी बंकरमागे जाऊन एकटाच नाचलो. सुभेदारसाहेबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

सुट्टीवर आल्यावर संपतच्या आईला, माईंना, मी माझी चूक तोंडावर सांगितली, बाळूचंही सांगितलं. वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांनीच फोन केला, "जेवायला या. त्या वाचलेल्यालाबी आना."

आता मी पेन्शनीत आहे. दरवर्षी संपतच्या दिवशी आम्ही दोघं कोपरगावला जेवायला असतो. यंदा बाळूनं शेंगोळ्यांसाठी तिसऱ्यांदा वाटी पुढं केली.

"दोन फूट कापलं म्हनतोस," माई म्हणाल्या, "मग ह्ये जातंय कुठं?"

आम्ही हसून बेजार. वाढता वाढता माई भिंतीवरच्या फोटोकडं वळल्या.

"बग रं संपत, तुझा वाटाबी ह्योच खातूय."

बाळूनं वाटी पुन्हा पुढं केली.