खारं साटिन

मी डॉक्युमेंटेशनवाली बाई. कागदावर शिक्का असेल तर गोष्ट खरी, एवढंच मला कळतं. ऑफिसात कोणी भुताखेतांचं सुरू केलं की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला संकोच वाटतोय...

मी शांती नगरला राहते. तेव्हा नोकरी भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या पुढे, हितेशभाईंच्या गाळ्यात. लहान मुलींचे फ्रॉक शिवून परदेशी पाठवायचो. त्यासाठी साटिन परदेशातून आयात-ड्युटी न भरता आणायचा परवाना होता — अट एकच, ठरलेल्या मुदतीत फ्रॉक देशाबाहेर गेले पाहिजेत, नाहीतर ती ड्युटी व्याजासकट भरायची.

माल निघायच्या सकाळी फिलोमिना मावशींनी मला हाक मारली. मावशी समुद्रकाठच्या तारोडी गावच्या, पॅकिंग बघायच्या. खोक्यातले सगळे फ्रॉक ओलेचिंब. खोकी मात्र कोरडी, छत कोरडं, महिना मे. मावशींनी बोट जिभेला लावलं.

"खारा हाय गं. दर्याचा पानी."

हितेशभाई म्हणाले, "कोई मस्ती कर रहा है." वॉचमन बदलला, कुलूप बदललं. फ्रॉक धुऊन, इस्त्री करून पुन्हा भरले. सकाळी पुन्हा तेच. बायर किती थांबणार?

मुदतवाढीचा ऑनलाइन अर्ज मीच भरला. 'विलंबाचं कारण' या रकान्यापाशी तासभर बसून राहिले. शेवटी 'तांत्रिक अडचण' लिहिलं. सहा महिने मिळाले... नंतर आणखी सहा. नवा बायर शोधला, माल दुसऱ्या गाळ्यात हलवला. भरला की ओला. हितेशभाईंनी पूजा घातली, मावशींनी चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. पाणी तपासून लॅबवाल्याने लिहून दिलं — मीठ आहे, कुठून आलं सांगता येत नाही.

तिसऱ्या वेळी परवाना ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर विचारलं, "मॅडम, कारण तरी नीट सांगा, मग बघतो."

"तांत्रिक अडचण," मी पुन्हा तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

मुदत संपली. दुसऱ्या दिवशी माल मोजायला खोकी उघडली, तर सगळे फ्रॉक कोरडे. कडक, नुकती इस्त्री फिरवल्यासारखे. हितेशभाईंनी एका खोक्यात कोपरापर्यंत हात घातला, मग दुसऱ्यात.

"अब सूखा है," ते हळूच म्हणाले. "अब किसको भेजूँ?"

मावशींनी त्यांना पाणी आणून दिलं. ते प्यायले नाहीत.

व्याजासकट ड्युटी भरून माल इथेच पडेल भावात विकला, गाळा बंद झाला. मावशी आता घरीच असतात. मी दुसरीकडे लागले. हे का झालं, मला अजून माहीत नाही. विचारायचं कोणाला, तेही माहीत नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीतल्या एका मुलीच्या वाढदिवसाला गेले होते. तिच्या अंगात आमचाच फ्रॉक. मी जवळ घेतल्यासारखं करून बाहीला हात लावला... कोरडी होती.

"छान आहे ना?" तिची आई म्हणाली. "स्टेशनजवळ एकदम स्वस्तात मिळाला. एक्स्पोर्टचा आहे म्हणे."

मी हो म्हटलं.