लस यायले लागली

सिविक सेंटरजवळच्या एका कोचिंगमध्ये मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते, अर्थात हिंदीतून, कारण आमचं हे पोलादाचं शहर हिंदी मुलखात आहे. उपजत रोगप्रतिकारशक्ती हा माझा हातखंडा धडा. कातडी म्हणजे कुंपण, शेंबूड म्हणजे चिकट सापळा, अश्रूंत आणि थुंकीत जंतू मारणारं द्रव्य, हे मी असं रंगवून सांगते की मागच्या बाकावरची पोरंही मोबाइल खाली ठेवतात. "आमची पोरगी होणाऱ्या डॉक्टरांले शिकवते," असं बाबा जो भेटेल त्याला सांगतात. मी ते ऐकून घेते. खरं म्हणजे मला ते आवडतं.

बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले. आई गेल्यापासून प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये एकटेच असतात, मी पद्मनाभपूरला सासरी. त्यांना शुगर आहे, पाय बधिर झालेत, तरी फिरायला जाताना जुने सेफ्टी शूजच घालतात. बाकीचे बूट त्यांना बूट वाटतच नाहीत. त्या बुटानं करंगळी सोलली आणि त्यांना कळलंही नाही. कळल्यावर मी फोनवर रागावले, "आधी टिटॅनसची लस घ्या!"

पुढचा फोन आला तेव्हा एक वर्ग सुटत होता, दुसरा भरत होता. त्या कल्लोळात बाबा म्हणाले, "अवं बाई, घावाले लस यायले लागली."

'लस' आणि 'लागली' एवढंच मी ऐकलं. हिंदीत लसीला टीका म्हणतात आणि तो 'लगतो', तशी यांना लस लागली, म्हणजे टोचून झाली. म्हटलं, "चांगलं झालं, बाबा."

"चांगलं असते ना?"

"हो, चांगलंच असतं. आता काळजी नको."

त्यानंतर मी पायाचं विचारलंच नाही. शेवटी बाबांच्या शेजारच्या काकूंना जखमेचा वास आला, त्यांनी मला बोलावलं, आणि आम्ही बाबांना दवाखान्यात नेलं. करंगळी काळी पडली होती. डॉक्टर चिडले, इतके दिवस काय करत होता? बाबा ताठ बसून म्हणाले, "मेरी बेटी बायोलॉजी पढ़ाती है. उसी ने बताया, घाव से पानी आना अच्छा होता है."

"मी कधी सांगितलं?"

"फोनवर. लस यायले लागली म्हटलं, तं तू चांगलं म्हनली ना."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जखमेतून झिरपतं त्या पाण्यालाही लस म्हणतात. मला लस म्हणजे फक्त टीका माहीत, तोही टीव्हीवरच्या मराठी बातम्यांतून शिकलेला शब्द. आईच्या तोंडून दुसरी लस शंभरदा ऐकली असेल, पण लक्ष कोण देतं.

आणि ही लस मी दरवर्षी फळ्यावर काढते. कातडी फाटली की आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, पाणी झिरपतं, त्या वाटेनं पांढऱ्या पेशी येऊन जंतू गिळतात. लाली, सूज, ऊब हा सगळा त्याच कामाचा पसारा. म्हणजे सुरुवातीची लस खरंच चांगली. पण ती थांबेना, तिला वास यायला लागला, की आतलं सैन्य हरतंय असं समजायचं, आणि शुगर वाढली की ते सैन्यही सुस्तावतं. हे मी झोपेतही सांगेन. बाबांनी विचारलं तेव्हा मात्र मी "चांगलंच असतं" म्हणाले होते.

"मैं टीका समझी थी," मी डॉक्टरांना म्हणाले. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही. माझी मान खाली होती आणि समोर त्यांचा तो उघडा पाय होता.

करंगळी काढावी लागली. बाबा मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी परतल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "बेटा, घाव सूख रहा है. पानी आना बंद हो गया."

जन्मभर माझ्याशी मराठीत बोललेला माणूस एकेक हिंदी शब्द जपून, हळू उच्चारत होता, मला समजावं म्हणून.

"बाबा, दुखते का अजून?" मी विचारलं.

"नहीं बेटा. दर्द नहीं है."